तेरचे थापटणे आणि ख्रिस्ती आत्मपरीक्षण

धाराशिव जिल्ह्यात ‘शक्ती’ हा शब्द उच्चारला, की ऐकणाऱ्याचे मन प्रथम तुळजापूरकडे वळते. हे स्वाभाविकच आहे. शतकानुशतके ज्या मातीत देवीचा गोंधळ घातला गेला, त्या मातीत शक्ती म्हणजे बाहेरून, वरून, डोंगरावरच्या ठाण्यातून भक्ताकडे येणारी कृपा, असाच अर्थ रुजणार. परंतु त्याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी, तेर नावाचे गाव आहे. तेथील एका कुंभाराने शक्तीचा शोध निराळ्या ठिकाणी घेतला. त्याने हाती घेतलेले साधन होते थापटणे. मडके घडवताना कुंभार जे लाकडी थापटणे वापरतो, तेच.

अलीकडे आमच्या धर्मग्रामांतल्या घरांतून ‘अंतरीची दैवी शक्ती’ जागवण्याची पुष्कळ पुस्तके दिसू लागली आहेत. काही ख्रिस्ती लेखकांची आहेत, काही नाहीत, आणि दोहोंतला फरक पुष्कळदा मुखपृष्ठावरच्या क्रुसापुरताच उरतो. डोळे मिटा, श्वासाकडे पाहा, आपल्यातील अमर्याद सामर्थ्य ओळखा, इच्छिलेले प्राप्त करा, अशी त्यांची वाट असते. या पुस्तकांची नावे घेऊन उखाळ्यापाखाळ्या काढण्याची आमची इच्छा नाही. मात्र ‘दैवी शक्ती आपल्यात आहे’ या वाक्याचा ख्रिस्ती अर्थ नेमका कोणता, आणि तिच्यापर्यंत जाणारी आत्मपरीक्षणाची वाट कोणती, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. त्याचे उत्तर शोधताना आम्हांस रोमपेक्षा तेर जवळचे वाटले, म्हणून तेथूनच आरंभ करतो.

गोरोबाकाकांची कथा महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक असते. परंपरेनुसार त्यांनी शके १२३९, म्हणजे इ. स. १३१७ मध्ये तेर येथे समाधी घेतली. नामदेव-ज्ञानदेवांच्या संतमेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सर्वांचे ‘काका’. महिपतीने १७६२ साली ‘भक्तविजय’ लिहिला, त्याच्या कितीतरी आधीपासून ही कथा वारकऱ्यांच्या तोंडी होती. संतमंडळी जमली असता गोरोबांना विनंती होते : तुम्ही कुंभार, तेव्हा यांतली कोणती मडकी पक्की आणि कोणती कच्ची, ते पारखून सांगा. गोरोबा थापटणे उचलतात आणि एकेकाच्या मस्तकावर ठोकत जातात. सगळे निमूट सोसतात. नामदेव मात्र संतापतात. विठ्ठलाचा लाडका, देव ज्याच्याशी बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, त्याच्या डोक्यावर कुंभाराने थापटणे मारावे? गोरोबा निकाल देतात : हे मडके कच्चे.

या कथेतील मर्म आम्हांस असे वाटते. नामदेवांची भक्ती खोटी नव्हती. प्रार्थना कमी नव्हती. देवाशी त्यांचे बोलणे होते, हे कथाच मान्य करते. तरीही ते कच्चे ठरले, आणि तेही कोणत्या पापामुळे नव्हे. त्यांनी चोरी केली नव्हती, खोटी साक्ष दिली नव्हती. आज्ञांची यादी पुढ्यात घेऊन त्यांनी सद्सद्विवेकबुद्धीची तपासणी केली असती, तर बहुधा काहीच सापडले नसते. ठोका बसला तेव्हा जो आवाज आला, त्याने ते उघडे पडले. ‘माझा देव’ यातील ‘माझा’ हा शब्द फार मोठ्याने वाजला.

कुंभाराच्या धंद्यात हे नित्याचे आहे. आव्यातून निघालेले मडके गिऱ्हाईक बोटाने ठोकून घेते. पक्के असले की टणटण वाजते, कच्चे असले की बद्द वाजते. रंगरूपावरून काही कळत नाही. आणि मडके स्वतःला ठोकू शकत नाही. ही शेवटची गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण आत्मपरीक्षण म्हटले, की एकट्याने अंधाऱ्या खोलीत बसून स्वतःच्या मनात डोकावणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते.

संत इग्नेशियस लोयोला यांचेही पहिले थापटणे बाहेरूनच आले. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या हाती लागली ती ख्रिस्तचरित्राची आणि संतचरित्रांची पुस्तके. पराक्रमाची दिवास्वप्ने पाहताना मन सुखावते, पण नंतर कोरडे पडते. संतांसारखे जगण्याची कल्पना केली, की सुख नंतरही टिकते. एवढ्याशा निरीक्षणातून पुढची सारी साधना उभी राहिली. मानरेसा येथे त्यांनी जे अनुभवले, त्यातून ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ आकारला आणि १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्यास मान्यता दिली. या ग्रंथात दिवसाच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. त्यांचा क्रम पाहावा. पहिली पायरी कृतज्ञतेची. दुसरी, पाप ओळखण्यासाठी प्रकाश मागण्याची. तिसरी पायरी प्रत्यक्ष तपासणीची, तासातासाने, विचार, शब्द आणि कृती यांची. चौथी क्षमायाचनेची, पाचवी उद्याच्या निश्चयाची.

आमच्या घरांत हा क्रम उलटा झाला आहे. पापनिवेदनाच्या आदल्या सायंकाळी मुलाच्या हाती एक यादी दिली जाते आणि तो बोट ठेवून मोजू लागतो. कृतज्ञता गळून जाते. प्रकाशाची याचनाही गळून जाते, आणि मग माणूस स्वतःच्याच कंदिलाने स्वतःचे घर शोधतो. जे त्याला आधीच ठाऊक असते, तेवढेच त्याला सापडते. इग्नेशियस यांनी एका विशिष्ट दोषाचा मागोवा घेण्यासाठी दिवसागणिक रेघा आखून खुणा करण्याची पद्धतही सांगितली आहे. ती साधकाला साहाय्य म्हणून होती, पण काही हातांत ती वाण्याची वही बनली. जमेच्या बाजूस पुण्य, नावेच्या बाजूस पाप. अशा वहीतून दैवी शक्ती सापडेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तिच्यातून फार तर थकवा सापडतो, आणि पुष्कळ प्रामाणिक ख्रिस्ती माणसे या थकव्यापायीच पापनिवेदनापासून दूर गेली, असे आमचे मत आहे.

अव्हिलाच्या संत तेरेसा यांनी १५७७ मध्ये ‘अंतर्दुर्ग’ लिहिला तेव्हा हा धोका त्यांच्या नजरेतून सुटला नव्हता. आत्मा म्हणजे सात दालनांचा किल्ला आणि मध्यभागी राजा, ही त्यांची प्रतिमा. स्वतःची ओळख हे या किल्ल्यातले पहिले दालन, आणि कितीही पुढे गेले तरी ते सोडायचे नाही, असे त्या बजावतात. पण लगेच त्या मधमाशीचे उदाहरण देतात : ती पोळ्यात काम करते, तशी फुलांकडेही उडते. केवळ स्वतःच्या दैन्याकडे पाहत बसले, तर त्या दैन्याचाच चिखल होतो. देवाच्या थोरवीकडे पाहिले, म्हणजे आपला लहानपणा खरा कळतो. आमच्या आयाबहिणींना तेरेसांचे आणखी एक सांगणे आवडेल : प्रभू स्वयंपाकघरातल्या भांड्याकुंड्यांतही वावरतो, असे त्यांनी आपल्या भगिनींना सांगितले होते. तेरच्या कुंभाराला हे लगेच पटले असते.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. आत जे सापडते, ते कोणाचे?

मडके हे प्रतीक हिंदू तत्त्वचिंतनात आणि पवित्र शास्त्रात, दोन्हीकडे आहे, म्हणून येथे तुलना सोपी होते आणि फरकही स्पष्ट दिसतो. वेदान्तात घटाकाशाचा दृष्टान्त प्रसिद्ध आहे. घागरीतले आकाश आणि घागरीबाहेरचे आकाश एकच. घागर ही केवळ उपाधी. ती फुटली, की भेद संपला. गोरोबांच्या नावावरील अभंगांतही निर्गुणाच्या अनुभवाकडे झुकणारी अशी भाषा आढळते. येथे आतली शक्ती शोधणे म्हणजे आपण मुळात कोण आहोत हे ओळखणे होय. संत पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात मातीच्याच भांड्यांविषयी बोलतात, पण त्यांचा रोख निराळा आहे. त्या भांड्यांत ठेवा आहे. भांडे मातीचे यासाठी, की जे सामर्थ्य प्रकटते ते देवाचे आहे, आमचे नव्हे, हे सर्वांना कळावे. येथे भांडे ही उपाधी नाही. देवाने ते घडवले आहे, त्याला ते प्रिय आहे, आणि शेवटच्या दिवशी तो ते पुन्हा उठवणार आहे. यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायातील कुंभार बिघडलेले भांडे फेकून देत नाही. त्याच मातीचे दुसरे घडवतो.

हा फरक सांगताना कोणाचा अधिक्षेप करण्याचा आमचा हेतू नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये इतर धर्मांतील सत्य व पवित्र गोष्टींचा आदर करण्यास शिकवले, तो आदर आम्हांस मान्य आहे. पण आदर म्हणजे सरमिसळ नव्हे. ख्रिस्ती माणसाने आत पाहावे, जरूर पाहावे. बाप्तिस्म्याने त्याच्यात पवित्र आत्मा वस्तीला आला आहे, म्हणून पाहावे. मात्र तो घरमालक नसून पाहुण्याला ओसरी देणारा आहे, हे विसरू नये. ‘माझी शक्ती’ असे म्हणताच नामदेवांच्या ‘माझा देव’सारखाच बद्द आवाज होतो.

या संदर्भात फादर अँथनी डिमेलो यांच्या ‘साधना’ या पुस्तकाचा विचार अटळ आहे. डिमेलो यांचा जन्म मुंबईत १९३१ मध्ये झाला. लोणावळ्याच्या त्यांच्या संस्थेत देशविदेशांतले धर्मगुरू व धर्मभगिनी ध्यान शिकण्यास येत. १९७८ साली गुजरात साहित्य प्रकाशनाने छापलेले हे इंग्रजी पुस्तक ख्रिस्ती साधनेला पौर्वात्य रूप देते. आधी शांतता, देहाची जाणीव, श्वास. मग कल्पनेच्या साहाय्याने येशूच्या जीवनातील प्रसंगांत वावरणे. अखेरीस भक्ती. १९८७ मध्ये डिमेलो निवर्तले. पुढे ११ वर्षांनी, १९९८ मध्ये, रोमच्या श्रद्धा-सिद्धान्त विभागाने त्यांच्या लेखनाविषयी इशारा दिला. त्या वेळी येथे पुष्कळांची मने दुखावली, आणि उत्तर द्यायला लेखक हयात नव्हता, ही खंत अनाठायी नव्हती. तथापि तो इशारा नीट वाचला, तर त्यांच्या आरंभीच्या लेखनाला ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीतलेच म्हटले आहे असे दिसते. आक्षेप आहे तो पुढच्या लेखनातून देव निराकार होत गेला आणि येशू इतर गुरूंपैकी एक उरला, यावर.

आमचे मत असे, की ‘साधना’ आजही उपयोगी आहे, पण ते शेवटपर्यंत वाचणारे थोडे. बहुतेक वाचक पहिल्या भागातच थांबतात. श्वास संथ होतो, खांदे सैल पडतात, बरे वाटते, आणि हीच दैवी शक्ती असे वाटू लागते. १९८९ मध्ये ख्रिस्ती ध्यानाविषयी रोमहून जे पत्र निघाले, त्यात नेमके हेच सांगितले आहे : शरीराच्या काही अभ्यासांनी आपोआप शांत वाटते, पण त्या शांतीला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजणे ही मोठी चूक होय. शांत वाटणे वाईट नाही. रात्री नीट झोप लागावी म्हणून कोणी श्वासाचा अभ्यास केला, तर त्यात पाप नाही. त्याला प्रार्थना म्हणू नये, इतकेच.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या जिल्ह्याच्या पूर्वेकडील आणि लगतच्या लातूर जिल्ह्यातील गावे भूकंपाने जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे झोपेतच गेली. सास्तूरसारख्या गावी ज्याने लेकरू गमावले, त्याच्यापुढे ‘तुझ्यातच अमर्याद सामर्थ्य आहे’ असे म्हणण्याचे धैर्य कोणा पुस्तकाला होईल? वर्षांमागून वर्षे पाऊस हुलकावणी देतो आणि कर्जाखालचा शेतकरी गळफास जवळ करतो, त्या शिवारातही हे वाक्य पोकळ वाजते. पौलाचे वाक्य मात्र तेथे उच्चारता येते, कारण ते भांड्याच्या कणखरपणाविषयी काहीच दावा करत नाही. भांडे तडकले तरी ठेवा देवाचाच राहतो. ‘शक्ती’च्या पुस्तकांची पारख करावयाची झाल्यास ती अशाच ठिकाणी करावी, असे आम्ही सुचवतो.

गोरोबांची दुसरी कथा यापेक्षा कठोर आहे, आणि ध्यानाविषयी बोलणारे ती सहसा सांगत नाहीत. चिखल तुडवताना गोरोबा नामस्मरणात इतके तल्लीन झाले, की रांगत आलेले स्वतःचे तान्हे बाळ पायाखाली तुडवले गेले. पत्नी पाण्याहून आली, तिने चिखल लाल झालेला पाहिला. कथेच्या पुढच्या भागात कीर्तनाच्या रंगात मूल परत मिळते, हात पुन्हा फुटतात, सर्व गोड होते. श्रद्धाळू मन त्या शेवटाकडे धाव घेते. आम्हांस मात्र पुन्हा पुन्हा त्या लाल चिखलापाशी थांबावेसे वाटते. भक्तपरंपरेने आपल्याच संताविषयी ही गोष्ट लपवली नाही, हा तिचा प्रामाणिकपणा थोर आहे. तल्लीनता ही स्वतःच पवित्र नसते. डोळे मिटलेला माणूस कोणाला तुडवतो आहे, हे त्याला कळत नाही. ते कळते पाण्याहून आलेल्या बाईला.

ख्रिस्ती आत्मपरीक्षणाचे स्थान नेमके येथे आहे. ध्यान डोळे मिटण्यास शिकवते, आत्मपरीक्षण ते उघडून पायाखाली पाहण्यास लावते. दररोज पहाटे मिस्सेला जाणाऱ्या, जपमाळ न चुकवणाऱ्या घरातही सून मुकी झालेली असते, धाकट्या भावाची वाटणी अडलेली असते, मोलकरणीचा पगार थकलेला असतो. घरातल्या प्रार्थनेची तीव्रता मोजून हे दिसणार नाही. दिवसाच्या अखेरीस तासातासाने मागे जाताना, ‘या वेळी माझ्या पायाखाली कोण होते’ असे विचारले तर दिसेल. आणि तरीही न दिसल्यास पाण्याहून आलेल्या बाईला विचारावे लागेल. नवऱ्याने बायकोस, सासूने सुनेस, धर्मगुरूने धर्मग्रामास. मडके स्वतःला ठोकू शकत नाही, हे आम्ही वर म्हटले, ते याच अर्थाने.

जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, भरले आणि अध्यक्षस्थानी होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईच्या नंदाखालचे हे धर्मगुरू, ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते. त्या अनुवादास २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्यांच्या निवडीस विरोध झाला. एका पाद्र्याने मराठी सारस्वताचे अध्यक्षपद का भूषवावे, असा तो सूर होता. ठोका बाहेरून बसला होता, आणि आवाज काय येतो याकडे साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष होते. प्रकृती साथ देत नसतानाही फादर आले. आपल्या निवडीच्या समर्थनार्थ वकिली करण्यापेक्षा हिंसेविरुद्ध आणि लेखकाच्या मौनाविरुद्ध बोलणे त्यांना अधिक निकडीचे वाटले. ना. धों. महानोर यांनाही संमेलनास जाऊ नका म्हणून दटावले गेले होते. तेही आले आणि उद्घाटन करून गेले. जिथे ख्रिस्ती वस्ती तुरळक, त्या जिल्ह्याने वसईच्या धर्मगुरूचे स्वागत केले, याचे आम्हांस आजही अप्रूप आहे.

फादर दिब्रिटो २५ जुलै २०२४ रोजी प्रभूघरी गेले. त्यांच्या लेखनाविषयी आमचे एक निरीक्षण आहे. निसर्ग, प्रवास, इतिहास, समाज या विषयांवर त्यांची लेखणी प्रसन्न वाहते. स्वतःच्या अंतर्यामीच्या अंधाराविषयी ते मितभाषी आहेत. कोणी याला उणीव म्हणेल. वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी त्यांनी अंगावर घेतलेला लढा आणि त्यापायी सोसलेला रोष पाहता, त्यांचे ध्यान कृतीतच उतरले, असे आम्ही म्हणू. त्यांच्या आत्मकथनाचे ‘नाही मी एकला’ हे नावच पुरेसे बोलके आहे. आत डोकावलेल्या माणसाला तेथे एकटेपण सापडले नाही, सोबत सापडली. पौलाच्या ठेव्याचा हा मराठी उच्चार होय. तरीही मन म्हणते, की या माणसाने आत्मपरीक्षणावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले असते, तर आमच्या घरांत ते जपमाळेशेजारी राहिले असते.

कारण आमची खरी तक्रार तेथेच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले, तेव्हा त्यांनी ओवी घेतली, पुराणिकाची भाषा घेतली. रेव्हरंड टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आले आणि अभंग लिहू लागले. आमच्या आत्मपरीक्षणाच्या पुस्तिका मात्र अजून भाषांतरित आहेत. ‘मी माझ्या शेजाऱ्याविषयी अनुदार विचार बाळगला काय?’ असे वाक्य कोणत्याही मराठी आईने कधी उच्चारलेले नाही. तिचा प्रश्न असतो, ‘आज कुणाचं वाईट चिंतलंस का रे?’ भाषेतला हा फरक वरवरचा नाही. पहिल्या वाक्याला ‘नाही’ असे उत्तर देऊन मोकळे होता येते. दुसऱ्याला उत्तर देताना मान खाली जाते.

आमच्या धर्मशिक्षकांना म्हणूनच एक सुचवावेसे वाटते. पुढील उपवासकाळात प्रथम पापनिवेदनाच्या तयारीस बसलेल्या मुलांपुढे यादीऐवजी एक मडके ठेवावे. शक्यतो दोन, एक भाजलेले आणि एक नुसते वाळलेले. बोटाने ठोकून आवाज ऐकू द्यावा. मग कच्च्यात थोडे पाणी ओतावे आणि काय होते ते पाहू द्यावे. तेरच्या कुंभाराची गोष्ट सांगावी, करिंथकरांचा चौथा अध्याय वाचावा, आणि मुले काय विचारतात याची वाट पाहावी. एखादे मूल हमखास विचारील, की कच्चे मडके भाजायला पुन्हा आव्यात घालता येते का. येते, असे त्याला सांगावे.